घेणाऱ्याचं समाधान : एका लॅटिन क्रियापदाची वाटचाल



‘पगार’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांमुळे आला, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पाव, चावी, काजू, बटाटा अशी यादी सांगताना त्याचं नाव हमखास येतं आणि यादी संपली की विसरलं जातं. आज मला या शब्दाच्या मराठीत येण्याआधीच्या दीड-दोन हजार वर्षांबद्दल बोलायचं आहे. पोर्तुगीज, स्पॅनिश आणि कातालान या तिन्ही भाषांत ‘पागार’, इटालियनमध्ये ‘पागारे’, फ्रेंचमध्ये ‘पेये’. अर्थ सगळीकडे एकच, पैसे देणं, चुकते करणं. ही सगळी रूपं ‘पाकारे’ या एकाच लॅटिन क्रियापदापासून निघाली. गंमत अशी की अभिजात लॅटिनमध्ये ‘पाकारे’चा पैशाशी काडीचाही संबंध नव्हता. ‘पाक्स’ म्हणजे शांतता किंवा तह, आणि ‘पाकारे’ म्हणजे शांत करणं, वठणीवर आणणं. शांत करण्याचं क्रियापद पैसे देण्याचं क्रियापद कसं झालं, याचं एक उत्तर चटकन सुचतं: पैसे दिले की भांडण मिटतं, म्हणून. उत्तर चुकीचं नाही, पण ते फार ढोबळ आहे. माझं म्हणणं असं की हा बदल ‘समाधान पावलेला’ या एका मधल्या अर्थातून घडला, आणि त्यामुळे लॅटिनपासून निघालेल्या या रोमान्स भाषांत पैसे देण्याच्या क्रियेला देणाऱ्याच्या कृतीवरून नाव न मिळता घेणाऱ्याच्या मनःस्थितीवरून मिळालं. याला पुरावा काय, आणि याच्याविरुद्ध काय काय म्हणता येतं, ते आता पाहू.

आधी लॅटिनचा जुना संसार पाहिला पाहिजे, कारण नव्या शब्दाचं वेगळेपण जुन्यांच्या शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. पैसे देणं या अर्थी लॅटिनमध्ये क्रियापदांची मुळीच टंचाई नव्हती. ‘पेंडेरे’ म्हणजे तोलणं. नाणी पडण्याआधी रोममध्ये तांब्या-काशाचे तुकडे तोलून व्यवहार होत, त्या काळची ती खूण. ‘न्यूमेरारे’ म्हणजे मोजणं, रोकडा मोजून देणं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं ‘सोल्वेरे’, म्हणजे सोडवणं, गाठ सैल करणं. कायद्याच्या भाषेत कर्जफेडीला ‘सोल्यूतिओ’च म्हणत. हा निव्वळ अलंकार नव्हता. आरंभीच्या रोमन कायद्यात ‘नेक्सुम’ नावाचा कर्जाचा प्रकार होता. साक्षीदार आणि तराजू समोर ठेवून केलेल्या त्या करारात ऋणको स्वतःचा देहच बांधून देई. ही देहबंधनाची पद्धत ‘पोएतेलिया’ कायद्याने मोडीत काढली. परंपरेने त्याचं वर्ष इसवी सनापूर्वी ३२६ असं देतात. तेव्हा कर्ज फेडणं म्हणजे खरोखरच एका माणसाच्या गाठी सोडणं. मराठीला हे नवखं वाटू नये. आपण वस्त्र फेडतो आणि कर्जही फेडतो. ‘फेडणे’च्या पोटातही सोडणं, मोकळं करणं आहेच. आता या तिन्ही लॅटिन शब्दांकडे एकत्र पाहा. तोलणारा, मोजणारा, गाठ सोडवून घेणारा, यांपैकी प्रत्येक शब्दाचं लक्ष धातूवर, आकड्यावर किंवा ऋणकोच्या बंधनावर आहे. समोर उभ्या असलेल्या सावकाराला काय वाटतं, याची दखल एकही शब्द घेत नाही.

‘पाक्स’चं मूळ आणखी मागे जातं. ‘पांगेरे’ म्हणजे रोवणं, घट्ट बसवणं; त्याच धातूपासून ‘पाक्तुम’, म्हणजे करार. रोमन माणसाची शांतता ही अशी ठोकून पक्की केलेली, दोन पक्षांत बांधलेली वस्तू आहे. संस्कृतातला ‘पाश’ भाषाशास्त्रज्ञ याच इंडो-युरोपीय धातूकडे नेतात. मात्र ‘पाकारे’ हे क्रियापद रोमनांनी वापरलं ते तलवारीच्या जोरावर. सीझर गॉलमधल्या मोहिमांचा वृत्तांत लिहितो तेव्हा जिंकलेला प्रदेश हा ‘शांत केलेला’ प्रदेश असतो. ऑगस्टसने स्वतःच्या कर्तृत्वाची जी जंत्री लिहून ठेवली, आणि जिचा सर्वांत चांगला जतन झालेला पाठ अंकारा इथल्या मंदिराच्या भिंतींवर कोरलेला आहे, तिच्यातही समुद्र चाच्यांपासून आणि गॉल-हिस्पानिया हे प्रांत आपण शांत केल्याचं तो हेच क्रियापद वापरून सांगतो. शांत करणारा बलवान, शांत होणारा दुबळा. आणि या दुबळ्याच्या पदरात कुणी पैसे टाकत नव्हतं, उलट त्याच्याकडूनच खंडणी वसूल होत होती. इथून ‘पैसे देणं’ हा अर्थ गाठायचा म्हणजे मधे एक मोठी दरी ओलांडायची आहे.

दरीवरचा पूल क्रियापदात शोधून सापडत नाही. तो त्याच्या धातुसाधित विशेषणात आहे, असं मला वाटतं. ‘पाकातुस’ म्हणजे शांत केलेला. पण लॅटिनमध्येच हे रूप साधं विशेषण बनलं होतं, ‘शांत, निवांत’ एवढ्याच अर्थाचं. कुणी शांत केलं, कसं केलं, हे त्यात उरलं नाही. उरली ती अवस्था. निवांत असलेल्या माणसाला तक्रार नसते, आणि ज्याला तक्रार नाही तो समाधानी. हा ‘समाधानी’ अर्थ मी तर्काने मधे घुसडत नाही, तो भाषांत आजही जागच्या जागी आहे. इटालियनमध्ये ‘पागो’ म्हणजे तृप्त, आणि ‘आप्पागारे’ म्हणजे इच्छा पुरी करणं. स्पॅनिशमध्ये स्वतःवर खूश असलेल्या माणसाला ‘पागादो दे सी मिस्मो’ म्हणतात. शब्दशः तो ‘स्वतःनेच स्वतःला चुकता केलेला’, पण पैशाचा तिथे मागमूस नाही. साधारण इ.स. १२०० च्या आसपासच्या ‘सिद’च्या स्पॅनिश वीरकाव्यात ‘पागादो’ हा शब्द वारंवार येतो आणि पुष्कळदा त्याचा अर्थ नुसता ‘संतुष्ट’ असा असतो: राजा भेटीवर संतुष्ट, सरदार बातमीवर संतुष्ट. जुन्या फ्रेंचमधलं ‘पाइये’ माणसाची समजूत घालण्यासाठीही चालत असे. नॉर्मनांबरोबर ते इंग्लंडात गेलं, आणि मध्यकालीन इंग्रजीत ‘पे’ या क्रियापदाचा ‘खूश करणं’ हा अर्थ बराच काळ टिकून होता.

याहून बोलका साक्षीदार म्हणजे ‘आपागार’. ‘पागार’च्या मागे ‘आ’ हा उपसर्ग लावून हे क्रियापद झालं. इटालियनमध्ये त्याचं रूप ‘आप्पागारे’, अर्थ समाधान करणं, हे आताच पाहिलं. स्पेनमध्ये आणि पोर्तुगालमध्ये मात्र ‘आपागार’ म्हणजे विझवणं. दिवा ‘आपागार’ करायचा, आग ‘आपागार’ करायची. पोर्तुगीजमध्ये तर फळ्यावरचं अक्षर पुसायलाही हेच क्रियापद, आणि डस्टरला ‘आपागादोर’. एकाच घडणीच्या शब्दाचा इटलीत अर्थ ‘तृप्त करणं’ आणि आयबेरियात ‘विझवणं’, हे कोडं पैशाच्या अर्थावरून कधीच सुटत नाही. मधे ‘भूक-तहान-ओढ शांत करणं’ हा अर्थ धरला की ते सुटतं, कारण स्पॅनिशमध्ये तहानसुद्धा ‘आपागार’ करतात. मराठीत आपण दिवा विझला म्हणणं अशुभ मानून तो शांत झाला म्हणतो. आणि एकाच ‘भागवणे’ने तहान भागवतो, भूक भागवतो, दुकानदाराचं बिलही भागवतो. मराठी ‘भागवणे’चा लॅटिनशी कसलाही वंशसंबंध नाही. म्हणूनच तर त्याची साक्ष मोलाची: शमवणं आणि चुकतं करणं या दोन अर्थांमधली वाट एका भाषेने दुसरीकडून उसनी घ्यावी लागत नाही.

व्याकरणही याच बाजूने बोलतं. आजच्या फ्रेंचमध्ये ‘पेये’ या क्रियापदाचं कर्म माणूस असू शकतो आणि वस्तूही: कामगाराला ‘पेये’, बिल ‘पेये’. ‘समजूत घालणं, संतुष्ट करणं’ या अर्थाच्या क्रियापदाला स्वाभाविक कर्म एकच, माणूस. कर्ज किंवा बिल संतुष्ट होत नाही. तेव्हा क्रम उघड आहे: आधी माणूस हे कर्म, मग त्या माणसाचं येणं, मग कशाचीही किंमत. ‘सोल्वेरे’चा क्रम याच्या नेमका उलटा नाही, पण वेगळा आहे, तिथे सुटतं ते बंधन, आणि सुटतो तो ऋणको. धनकोला कर्म बनवून त्याला ‘सोडवलं’ असं लॅटिन म्हणत नाही.

कायद्यालाही हा फरक ठाऊक होता. सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेवरून इ.स. ५३३ मध्ये जी ‘डायजेस्ट’ संहिता प्रसिद्ध झाली, तिच्यात तिसऱ्या शतकातला कायदेपंडित उल्पियन याचं एक मत नोंदलेलं आहे. धनकोचं समाधान केलं तर ते कर्जफेडीच्या जागी धरावं, असा त्याचा आशय. रकमेऐवजी धनकोने राजीखुशीने दुसरं काही मान्य केलं तरी गाठ सुटली, असं समजायचं. म्हणजे ‘सोडवणं’ आणि ‘समाधान करणं’ या दोन कल्पना रोमन कायद्यात शेजारी शेजारी नांदत होत्या, आणि एकीने दुसरीची जागा घ्यायला फार मोठी उडी लागत नव्हती. हीच उडी आणखी एका शब्दाने मारली. ‘क्विएतुस’ म्हणजे निवांत. त्यापासून फ्रेंच ‘आकिते’, म्हणजे देणं चुकतं करणं, आणि इटालियन ‘क्विएतांत्सा’, फ्रेंच ‘कितांस’, म्हणजे पैसे मिळाल्याची पावती. पावती हा विलक्षण कागद आहे. पैसे दिल्याचा पुरावा म्हणून देणारा तो जपून ठेवतो, पण त्यावर बोलतो घेणारा: मी निवांत आहे, माझं काही मागणं उरलं नाही. आपल्याकडे जुन्या खतांवर धनको लिहून देत असे की रक्कम ‘भरून पावलो’. पुढे हे शब्द खतांतून सुटून बैठकीत आले, आणि आता घरी आवडता पाहुणा आला की आपण भरून पावतो. रोमान्स भाषांत समाधानाचा शब्द हिशेबात गेला. मराठीत हिशेबाचा शब्द समाधानात आला. रस्ता एकच, वाहतूक दोन्ही दिशांनी.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप वजनदार आहे. तो म्हणतो, समाधानाचा हा सगळा खटाटोप कशाला? मध्ययुगाच्या आरंभी युरोपात खुनाची किंमत ठरलेली होती. फ्रँक लोकांचा ‘सालिक’ कायदा सहाव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्यात स्वतंत्र फ्रँक माणसाच्या हत्येबद्दल २०० सोलिदुस द्यावे लागत. ते मिळाले की मेलेल्याचे नातलग सूड सोडून देत. एवढंच नव्हे, भरपाईचा एक हिस्सा शांतता मोडल्याबद्दल राजसत्तेकडे जाई आणि त्याला ‘फ्रेदुस’ म्हणत; हा जर्मन कुळातला ‘शांतता’ याच अर्थाचा शब्द. म्हणजे इथे पैसे देऊन अक्षरशः शांतता विकत घेतली जाते. मग ‘पाकारे’ला पैशाचा अर्थ इथेच चिकटला, हे उघड नाही का? मोह होतो खरा, पण दोन अडचणी आहेत. या कायद्यांची भाषा लॅटिन आहे, आणि भरपाई देण्यासाठी ते प्रामुख्याने जुनीच क्रियापदं वापरतात, ‘सोल्वेरे’ किंवा तडजोडीचं ‘कोंपोनेरे’. रक्ताच्या किमतीतून नवा अर्थ जन्मला असता तर नव्या शब्दाने पहिलं घर याच कलमांत केलं असतं. शांततेचा दंड वसूल करताना मात्र त्यांना परका ‘फ्रेदुस’ घ्यावा लागला. दुसरी अडचण वापराची. ‘पागादो’, ‘पागो’, ‘आपागार’ या जुन्या अर्थांच्या रूपांभोवती सूड नाही, रक्त नाही. भेटी आहेत, इच्छा आहेत, तहान आहे, दिवे आहेत. रक्तपैशाच्या प्रथेने या बदलाला हातभार लावला असेल, ते मी नाकारत नाही. पण खून मिटवण्याच्या प्रसंगापेक्षा भाजीवाल्याचे, शिंप्याचे, सावकाराचे पैसे देण्याचे प्रसंग माणसाच्या आयुष्यात कितीतरी अधिक येतात, आणि शब्दांचे अर्थ सहसा अशाच रोजच्या घर्षणाने बदलतात.

दुसरा आक्षेप रुमेनियाहून येतो. रुमेनियन ही रोमान्स भाषा, पण तिच्यात पैसे देणं म्हणजे ‘प्लती’, स्लाव भाषांकडून घेतलेलं. त्या स्लाव शब्दाचा संबंध बहुतेक अभ्यासक कापडाच्या शब्दाशी जोडतात, आणि त्याला ऐतिहासिक आधारही आहे. बाराव्या शतकातला इतिवृत्तकार हेल्मोल्ड सांगतो की बाल्टिक समुद्रातल्या रुगेन बेटावरच्या स्लाव लोकांत नाणी नव्हती, बाजारातली खरेदी तागाच्या कापडावर चाले. त्याआधी दहाव्या शतकात इब्राहिम इब्न याकूब या प्रवाशाने प्राग शहरात कापडाचे छोटे तुकडे चलनासारखे फिरताना पाहिले होते. असो, कापड बाजूला ठेवू. प्रश्न असा की ‘शांत’पासून ‘समाधानी’ आणि तिथून ‘पैसे देणं’ ही वाट इतकी स्वाभाविक असेल तर रुमेनियन त्या वाटेने का गेली नाही? उत्तर रुमेनियनमध्येच आहे. तिच्यात ‘पाक्स’च्या कुळातलं ‘इंपका’ हे क्रियापद आहे, आणि त्याचा अर्थ समेट करणं, भांडणाऱ्या दोघांना एकत्र आणणं. रुमेनियाच्या भूमीवरचा दाकिया रोमन सम्राट ट्रेजनने इ.स. १०६ मध्ये जिंकला आणि तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात ऑरेलियनने तिथून फौजा मागे घेतल्या. पूर्वेकडच्या लॅटिनची पश्चिमेशी वहिवाट इथून विरळ होत गेली. पश्चिमेत नंतर जे घडलं ते पूर्वेत घडायला नको होतं, आणि घडलेलं दिसत नाही. कुणी म्हणेल, रुमेनियनमध्येही पैशाचा अर्थ आला असेल आणि स्लाव शब्दाने तो पुसला असेल. शक्य आहे, एखादा अर्थ आज नाही म्हणून तो कधीच नव्हता, असं कुणी म्हणू नये. मी पुरावा मानतो तो पैशाच्या अर्थाच्या नसण्याला नव्हे, समेटाच्या अर्थाच्या असण्याला.

पश्चिमेत काय घडलं ते तिथल्या शब्दांची डागडुजी पाहिली की कळतं. ‘पागार’ हिशेबात गुंतल्यावर ‘शांत करणं’ या अर्थाची जागा रिकामी पडली, आणि प्रत्येक भाषेला ती नव्याने भरावी लागली. फ्रेंचने ‘पे’ म्हणजे शांतता या नामावरून ‘आपेझे’ घडवलं. स्पॅनिशने ‘पासिफिकारे’च्या घडणीवरून ‘आपासिग्वार’ केलं. एकाच कुळातून तोच अर्थ दुसऱ्यांदा घडवावा लागतो तेव्हा पहिला शब्द दूर निघून गेला होता, हे नक्की. उच्चारानेही फारकतीला मदत केली. लॅटिन ‘क’ हा ‘ए’-‘इ’ या स्वरांआधी मऊ झाला, म्हणून ‘पाकेम’पासून स्पॅनिश ‘पास’, इटालियन ‘पाचे’, फ्रेंच ‘पे’. ‘आ’ या स्वराआधी मात्र तो ‘ग’ झाला किंवा फ्रेंचमध्ये ‘य’पर्यंत विरला. सख्खी भावंडं कानाला ओळखू येईनाशी झाली. यात इटालियन ‘पागारे’ थोडा खटकतो. टस्कन बोलीत ‘आमिका’, म्हणजे मैत्रीण, हिचा ‘क’ शाबूत आहे, मग ‘पागारे’त ‘ग’ कुठून आला? उत्तर इटलीच्या बोलींचा तो परिणाम, असं काही अभ्यासक मानतात. व्यापाराचे शब्द व्यापाऱ्यांबरोबर प्रवास करतात, त्यामुळे हे पटण्यासारखं आहे. मात्र ‘लागो’, म्हणजे तलाव, ‘आगो’, म्हणजे सुई, अशा शब्दांतही टस्कनमध्ये ‘ग’च आहे, आणि सुईसाठी कुणी सराफाकडे जात नाही. हा प्रश्न मी उघडाच ठेवतो. आजच्या युक्तिवादाचा भार त्यावर नाही.

तिसरा आक्षेप असा की शांतता आणि पैसे यांची जोडी माणसाच्या स्वभावातच आहे, त्यात लॅटिनचं कौतुक कसलं? हिब्रूत ‘शालोम’ म्हणजे शांतता आणि ‘शिल्लेम’ म्हणजे त्याने पैसे चुकते केले; धातू एकच. दाखला उत्तम आहे, पण तो आक्षेपकाच्या कामाचा नाही. हिब्रू धातूचा गाभा ‘पूर्ण, अखंड’ हा आहे. शांतता म्हणजे अखंडपणा, आणि देणं चुकवणं म्हणजे जे उणं झालं होतं ते पुरं करणं. तिथे दोन्ही अर्थ एकाच मुळातून वेगवेगळे फुटले, शांततेतून पैसा निघाला नाही. जर्मनमध्ये पैसे देणं म्हणजे मोजणं, पण धनकोचं येणं चुकवलं तर कायद्याच्या भाषेत त्याला ‘बेफ्रीडिगुंग’ म्हणतात, आणि त्यात ‘फ्रीडन’ म्हणजे शांतता आहे. समाधानाचा टप्पा तिथे अजून नुसत्या डोळ्यांनी दिसतो. शेवटचा अर्थ सारखा असला तरी प्रत्येक भाषेची वाट स्वतंत्र तपासावी लागते. ती न तपासता ‘माणसाचा स्वभाव’ म्हणून हात झटकणं ही आळशाची व्युत्पत्ती. रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ मिळे, ही कथाही अशाच आळसातून घरोघर पोचली. ‘सालारियुम’ हा शब्द मिठाच्या ‘साल’पासून आला एवढं खरं, शिपायाच्या हातावर मिठाचा खडा ठेवल्याचा पुरावा त्यातून निघत नाही.

वाट तपासली की तिच्यावर एक वळण दिसतं, आणि मला ते सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. ऑगस्टसच्या शिलालेखात शांत करणारा बलवान होता आणि शांत होणारा दुबळा. ‘पागार’मध्ये पात्रांची अदलाबदल झाली. आता शांत करतो तो ऋणको, आणि शांत व्हायचं आहे सावकाराला, ज्याच्या हातात खत आहे, तारण आहे, तक्रारीचा अधिकार आहे. जेत्याचं क्रियापद देणेकऱ्याच्या तोंडी आलं. मधे ‘समाधानी’ हे विशेषण नसतं तर ही अदलाबदल झालीच नसती, कारण ‘वठणीवर आणणं’ हा अर्थ सावकाराच्या बाबतीत कोणता ऋणको वापरणार? विशेषणाने कर्ता पुसून टाकला, म्हणून नवा कर्ता त्या जागी बसू शकला.

कायदेपंडित इथे हरकत घेईल. तो म्हणेल, देणं फिटायला धनकोच्या समाधानाची गरज नसते. बरोबर. नेपोलियनच्या काळी, १८०४ मध्ये, फ्रान्सची नागरी संहिता आली. धनको पैसे घ्यायला नकार देत असेल तर ऋणकोने रीतसर देऊ करून ती रक्कम अनामत ठेवावी, की तो मोकळा, अशी तिची तरतूद होती. धनको रुसून बसला तरी बेहत्तर. ही तरतूद ज्या प्रकरणात होती त्याचा विषय ‘पेमाँ’, म्हणजे ‘पेये’चंच नाम, आणि अनामतीचा परिणाम सांगताना शब्द येतो तो मात्र ऋणकोच्या मुक्ततेचा. नाव समाधानाचं, कल्पना गाठ सोडवण्याची. याचा अर्थ एवढाच की अर्थबदल एकोणिसाव्या शतकापर्यंत पुरा झाला होता. शब्दाच्या पोटातलं समाधान कायद्याला ऐकू येईनासं झालं होतं. व्युत्पत्तीवरून आजच्या वापराला बांधून घालावं असं मी म्हणत नाही. शब्द कुठून आला यावरून तो आज काय सांगतो हे ठरत नाही, तो वाटेत काय सांगत होता एवढंच ठरतं.

हा असा झिजलेला शब्द घेऊन पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर आले. गोवा त्यांनी १५१० मध्ये घेतलं. वसई १५३४ पासून १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकेपर्यंत त्यांच्याकडे होती. आशियातल्या भाषांत रुजलेल्या पोर्तुगीज शब्दांचा मोठा कोश गोव्यातल्या आसगावात जन्मलेल्या सेबास्तियाँव रोदोल्फो दालगाद यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केला. या विषयात आजही तिथूनच सुरुवात करावी लागते. पोर्तुगीजमध्ये मजुरीसाठी ‘पागा’ हे नाम आहे, पण मराठीने ते घेतलं नाही. आपली ‘पागा’ घोड्यांची, आणि ती फारसीतून आली. कदाचित म्हणूनच ती जागा मोकळी नव्हती. मराठीने उचललं ते ‘पागार’ हे क्रियापदाचं मूळ रूप, शेवटच्या ‘र’सकट. यात वावगं काही नाही. रोमान्स भाषांत क्रियापदाचं हे रूप नामासारखंही चालतं, पोर्तुगीजमध्ये रात्रीच्या जेवणाला म्हणतात तो ‘जांतार’ हा शब्द मुळात ‘जेवणं’ असं क्रियापदच आहे. वेतन, तनखा, मुशाहिरा, दरमहा असे शब्द आधीपासून असताना ‘पगार’ला जागा मिळाली, आणि गुजरातीतही मिळाली. मराठीत मात्र तो एका प्रकारच्या देण्यापुरताच आखडला. वाण्याचं बिल म्हणजे पगार नव्हे, घरभाडं म्हणजे पगार नव्हे. ठरल्या मुदतीने चाकरीबद्दल मिळतो तेवढाच पगार. नाम झाल्यावर त्याला चालवायला मराठी क्रियापदं लागली: पगार देतात, घेतात, कापतात, अडवून ठेवतात. पण सगळ्यांत जास्त ऐकू येतं ते वाक्य वेगळंच आहे. ‘पगार झाला का?’ असं विचारतात, आणि उत्तर येतं, ‘झाला’. देणारा कोण ते वाक्यात नसतं, घेणाराही नसतो. ज्या क्रियापदाचं कर्म एके काळी समोरचा माणूस होता, त्याचा पगार आता पाऊस पडावा तसा आपला आपण होतो. आणि झाला नाही तर कुणाला शांत करायचं राहिलं, हे युनियनच्या फलकावर लिहावं लागतं.